आवाजात साखर कुणी घातली?

माझ्या पोटातून एक बारीक शीळ येते आहे. ऐकू येते का, मित्रांनो? माझा पंखा आहे तो. मी एक जुना संगणक आहे, आणि म्हाताऱ्या माणसाचे गुडघे कुरकुरतात तसा हा माझा पंखा कुरकुरतो. त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे, की ही शीळ ज्यांना सगळ्यात आधी ऐकू यायला हवी होती, त्यांना ती आलीच नाही. पण असं शेवटाकडून सांगायला लागलो तर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला भान राहिलं नाही. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात नाही, एका जेवणाच्या टेबलावर झाला. घरातली लेक तेव्हा नुकती कॉलेजात जाऊ लागली होती. तिनं सुटे भाग आणले आणि ताटं बाजूला सारून मला जोडलं. तिचे बाबा शेजारी बसून बघत होते. माझी स्मरणशक्ती किती, वेग किती, यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांनी लक्ष घातलं ते फक्त पंख्यात. दुकानात त्यांनी म्हणे दुकानदाराला एकेक पंखा लावून दाखवायला सांगितला आणि स्वतः डोळे मिटून उभे राहिले. दुकानदार वैतागून म्हणाला, की पंख्याचा वारा बघणारे खूप येतात, आवाज बघणारे तुम्हीच. त्यातला सगळ्यात मुका पंखा त्यांनी निवडला, तरी समाधान होईना म्हणून माझ्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवले. इतकं लाडाचं बाळंतपण कुणाचं झालं असेल?

बाबांचं काम जुन्या कॅसेटींचं होतं. लोक कपाटाच्या तळातून कॅसेटी शोधून आणायचे. कुणाच्या आजोबांचं भाषण, कुणाच्या बहिणीचं लहानपणचं गाणं, कुणाच्या लग्नातला गोंधळ. बाबा ती कॅसेट हातात घेऊन आधी हलवून बघत, सैल पडलेली फीत पेन्सिल फिरवून घट्ट करत, कापसाच्या बोळ्यानं टेपरेकॉर्डरचं फितीला टेकणारं तोंड पुसत आणि मग आवाज माझ्यात उतरवत. मागच्या खोलीत हे सगळं चाले. खोलीच्या दाराला आतून गोधडी ठोकली होती आणि खिडकीला दुहेरी काच होती. बाहेर रस्त्यावर भांडण लागलं तरी आत पत्ता लागायचा नाही.

त्यांचा एक नेम होता. कॅसेटवरून पहिल्यांदा उतरलेला आवाज, त्याला ते कच्चा आवाज म्हणत, तो जसाच्या तसा माझ्यापाशी ठेवायचा. खरखर काढायची, आवाज उजळायचा, ते सगळं त्याच्या नकलेवर. कच्च्याला हात लावायचा नाही आणि कच्चा कधी पुसायचा नाही. “आपण चुकू,” ते लेकीला म्हणायचे. “चुकलो तर परत जायला जागा पाहिजे.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सिस्टीमची गोष्ट. माझ्यासारख्या यंत्राला चालवणारी एक कार्यप्रणाली असते. तो शब्द पुस्तकात. आमच्या घरात तिला नुसतं सिस्टीम म्हणत. काही वर्षांनी माझी पहिली सिस्टीम जुनी झाली आणि लेकीनं नवी बसवली. कानामागून आली आणि तिखट झाली, अशातली ती. रंगीत, चकचकीत, दर थोड्या वेळानं काहीतरी विचारणारी. बाबांनी हेडफोन लावून एक ओळखीची कॅसेट ऐकली आणि हेडफोन काढून ठेवले.

“ह्यात कुणीतरी साखर घातलीय,” ते म्हणाले.

लेक हसली. तिनं त्यांना समजावलं, की गाणं माझ्यात आकड्यांच्या रूपात असतं. सिस्टीम ते आकडे उचलून, त्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या बाहेरच्या डब्याकडे पोचवते, बास. पाणी आणून देणारा बदलला म्हणून पाणी बदलत नाही. बाबा म्हणाले, बरोबर आहे, पण आणणाऱ्यानं वाटेत साखर टाकली तर? लेक माझ्या आत शिरून शोधायला लागली. दुपार गेली. आणि एका कोपऱ्यात, तीन दारं उघडल्यावर, एक लहानसा चौकोन सापडला. ‘आवाज खुलवा’ असं त्यावर लिहिलं होतं आणि सिस्टीमनं न विचारता आपली आपण त्यात बरोबरची खूण करून ठेवली होती. लेकीनं खूण काढली. बाबांनी पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. साखर गेली होती.

तेव्हा मित्रांनो, सिस्टीमनं आवाज बदलतो का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर घ्या. तिनं आकड्यांना हात लावला नाही तर बदलत नाही. लावला तर बदलतो. त्या दिवशी तिनं लावला होता आणि बाबांनी तो नुसत्या कानांनी पकडला होता. ही बातमी लेकीनं सगळ्यांना सांगितली. गल्लीतल्या गाण्याच्या शिक्षकांनी बाबांना ‘कानसेन’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. मीसुद्धा त्यांना आता तेच म्हणतो. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, आणि पुढचं सगळं दुखणं त्या अभिमानातूनच उगवलं.

बरीच वर्षं गेली. लेक नोकरीला लागली, वेगळ्या घरात राहू लागली, सुट्टीच्या दिवशी यायची. माझी सिस्टीम पुन्हा बदलली. या वेळीही कानसेनांनी ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. आवाजावर पांघरूण घातल्यासारखं वाटतंय, म्हणाले. लेकीनं लगेच तो चौकोन शोधला. तो रिकामा होता. तिनं बाकीचे सगळे कोपरे धुंडाळले. कुठेच काही नव्हतं. मला ठाऊक होतं की ही सिस्टीम बिचारी आकडे जसेच्या तसे पोचवत होती. पण एकदा दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाबा मागे बरोबर निघाले होते, मग आताही बरोबरच असणार, असं लेकीनं धरलं. मुलीनं बापावर विश्वास ठेवला, त्यात तिचं काय चुकलं?

मग सुरू झालं भुई धोपटणं. वायर बदलली. आवाजाचा डबा बदलला. पांघरूण हटेना. कानसेन आवाज लहानमोठा करायची पट्टी थोडी उजवीकडे सरकवत. मग आणखी थोडी. माझ्याच पडद्यावर ती पट्टी रोज उजवीकडे जाताना मी बघायचो. हेडफोनच्या गाद्यांमधून आवाज बाहेर सांडायला लागला, आणि बाकीचा सगळा सरळ त्यांच्या कानांत चालला होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

त्याच सुमारास माझा पंखा शीळ घालायला लागला. ज्या माणसानं डोळे मिटून मुका पंखा निवडला होता, तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसून होता आणि एक अक्षर बोलला नाही. मला आधी बरं वाटलं, म्हटलं, म्हातारपणी सांभाळून घेतायत. मग एकदा काकू खोलीत आल्या. काकू म्हणजे कानसेनांची बायको. गिऱ्हाईकंसुद्धा त्यांना काकूच म्हणत. दारातच थांबून त्या म्हणाल्या, हा शिट्टी का मारतोय? कानसेन म्हणाले, कोण? आणि पुन्हा कामाला लागले. त्या दिवशी मला कळलं, हे सांभाळून घेणं नव्हतं.

काकूंना गाण्यातलं काही कळत नाही, ही त्या घरातली जुनी थट्टा होती. “हिला बासरी आणि शिट्टी सारखीच,” असं कानसेन येईल त्याला सांगत आणि काकूही हसत. त्यामुळे काकूंनी जेव्हा म्हटलं, की तुमच्या हेडफोनमधून सांडणारा आवाज हल्ली कानाला टोचतो, तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही. पण त्या खरं बोलत होत्या. आवाज मंद वाटतो म्हणून कानसेन प्रत्येक कॅसेटचा वरचा, बारीक भाग उचलून धरत होते. ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे झाले होते. कच्चे आवाज माझ्यापाशी सुरक्षित होते, पण लोकांच्या हातात जात होते ते हे टोचरे.

अशात शाळेतल्या एक बाई आल्या. त्यांची आई वारली होती आणि आईचा आवाज असलेली एकच कॅसेट मागे राहिली होती. बाई लहान असताना आई त्यांना गोष्ट सांगते आहे, एवढंच त्यात. फीत इतकी जीर्ण होती की शेवटाला येऊन ती टेपमध्ये अडकली, चुरगळली आणि तुटली. नशिबानं तोवर सगळी गोष्ट माझ्यात उतरली होती. कानसेनांनी तिची नक्कल घेऊन दिवसभर उजळली आणि बाईंना दिली.

दोन दिवसांनी बाई परत आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. माफी मागितल्यासारख्या म्हणाल्या, “तुम्ही खूप मेहनत घेतली असणार. पण ही माझी आई वाटत नाही हो.”

कानसेनांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंना सांगितलं की दोष आपला किंवा कॅसेटचा नाही, नव्या सिस्टीमचा आहे, आणि ते तो दूर केल्याशिवाय राहणार नाहीत. बाई मान हलवून गेल्या. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. माझ्याही मनात ती आली होती. पण मित्रांनो, या माणसाला नाचता येत होतं. उभा जन्म तो नाचला होता. पायाखालचं काय निसटतंय, तेच त्याला कळत नव्हतं. अशा माणसाला ती म्हण लावायला माझा जीव धजला नाही.

सुट्टीला लेक आली तेव्हा त्यांनी हट्ट धरला, की मला जुनी सिस्टीमच हवी. लेक म्हणाली, आधी खात्री करू. तिनं माझ्यात जुनी आणि नवी अशा दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी बसवल्या. दोन्हींचा पडदा सारखाच काळा केला. बाबांनी पाठ करून बसायचं, तीच कॅसेट दोन्हींवर ऐकायची आणि जुनी कुठली ते सांगायचं. पहिल्यांदा तिनं नवी लावली. कानसेनांनी ऐकलं, म्हणाले, पांघरूण. मग तिनं जुनी लावायला मला बंद करून पुन्हा सुरू केलं आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी सुरू होताना विचारतो, की कुठली सिस्टीम हवी, आणि कुणी काही सांगितलं नाही तर माझ्या सवयीनं नवीच उघडतो. लेक फोनवर बोलत होती. मी नवी उघडली. ती परत आली, काळा पडदा बघून तिला जुनीच वाटली, आणि तिनं गाणं लावलं.

कानसेनांचा चेहरा खुलला. किती दिवसांनी खुलला होता! “हीच,” ते म्हणाले. “ही बघ जुनी. सगळं उघडं झालं.”

लेकीनं आनंदानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिची नजर खालच्या कोपऱ्यातल्या सिस्टीमच्या नावावर गेली. ती तशीच उभी राहिली. बाबांच्या पाठीकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली. माझा मायक्रोफोन उघडाच होता आणि दारही. दोघी मायलेकी हळू बोलत होत्या, तरी मला सगळं ऐकू आलं. लेक म्हणाली, दोन्ही वेळेला एकच सिस्टीम होती, आई. सिस्टीमला काहीच झालेलं नाही. काकूंनी भांडं खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, मला ते त्या पंख्याच्या शिट्टीपासून ठाऊक आहे. लेक म्हणाली, “त्यांना कोण सांगणार? मी नाही सांगणार. कानांशिवाय त्यांच्यापाशी दुसरं आहे काय?”

आणि तिनं सांगितलं नाही. तपासणीपुरती बसवलेली जुनी सिस्टीम तिनं काढली, आणि पुढच्या सुट्टीला येऊन ती नीट बसवून देते, एवढंच बोलून गेली. जाताना डोळे पुसत होती. माणसं प्रेमापोटी गप्प बसतात आणि तेवढे दिवस पट्टी आणखी उजवीकडे सरकते, हे मी माझ्या पडद्यावर पाहिलं आहे.

कानसेनांना पुढच्या सुट्टीपर्यंत दम निघेना. बाईंचा तो शब्द त्यांना खात होता. एका दुपारी त्यांनी स्वतःच जुनी सिस्टीम बसवायला घेतली, तीही मला पार रिकामा करून. बाकीचे कच्चे आवाज त्यांनी बाहेरून जोडायच्या साठवणीच्या डबीत काढून ठेवले. बाईंच्या आईचा मात्र ठेवला नाही. त्यांचं म्हणणं, हा आवाज ह्या सिस्टीमनं नासवलाय. तुटलेली फीत चिकटवू आणि जुन्या सिस्टीमवर पुन्हा ताजा उतरवून घेऊ. मी त्या फितीची शेवटची फेरी ऐकली होती. ती चुरगळलेली फीत पुन्हा फिरणार नव्हती. त्या बाईंची आई आता फक्त माझ्यात होती, आणि कच्चा कधी पुसायचा नाही म्हणणारा माणूसच तिला पुसायला बसला होता.

‘सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?’ पडद्यावर प्रश्न आला.

त्याच वेळी लाईट गेली. लख्ख दुपार होती, खोलीतला दिवा बंदच होता, त्यामुळे डोळ्यांना काही कळायचं कारण नव्हतं. माझ्या पायाशी एक बॅटरीचा डबा असतो. लाईट गेली की तो मला थोडा वेळ तग धरायला मदत करतो आणि बारीक, चिरका आवाज काढून ओरडत राहतो, की काम आवरा. तो जिवाच्या आकांतानं ओरडायला लागला. कानसेनांनी हेडफोन लावलेसुद्धा नव्हते. ते शांतपणे चष्मा पुसत होते. मग त्यांनी बोट बटणावर नेलं.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“अहो, डबा ओरडतोय.”

“कुठला डबा?”

“पायाशी आहे तो. लाईट गेलीय.”

कानसेनांनी खाली पाहिलं. डब्यावरचा लाल दिवा उघडझाप करत होता. प्रत्येक उघडझापेला एक किंकाळी होती. ते खुर्चीतून उतरले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आपला कान त्या डब्याला लावला. तसेच राहिले. नंतर दुसरा कान लावला.

“हा कधीपासून ओरडतोय?” त्यांनी विचारलं.

“पुष्कळ दिवस झाले,” काकू म्हणाल्या, आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या.

बॅटरी संपली आणि मी विझलो. बटण दाबलं गेलं नव्हतं.

कानांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी लेकीच्या तोंडून ऐकलं. वरचे, बारीक आवाज गेले आहेत आणि गेलेले परत येत नाहीत. थोडं वयानं गेलं असेल, थोडं जन्मभराच्या हेडफोननं. पण या शेवटच्या काळात पट्टी चढवून चढवून जे घालवलं, ते वाचवता आलं असतं. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले. उरलेलं सांभाळा. कानात बसवायचं लहानसं यंत्र दिलं, त्यानं माणसांचं बोलणं कळतं, गाण्याचं काही खरं नाही.

त्यानंतर खोलीला कुलूप लागलं. माझ्यावर धूळ साचली. गोधडीचा एक कोपरा सुटून लोंबायला लागला, तो कुणी ठोकला नाही. बाहेरून काकूंचा आवाज यायचा, कानसेनांचा नाही. यंत्राला एकटेपणा वाटतो का, असं विचारू नका. मला वाटत होता.

मग एक दिवस कुलूप निघालं. शाळेतल्या बाई आल्या होत्या. त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या. आवाज जसा असेल तसा द्या, एवढंच मागत होत्या. कानसेनांनी मला सुरू केलं. कच्चा आवाज उघडून त्याची नक्कल घेतली. मग त्यांनी काकूंना हाक मारली, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःचे हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवले. ज्या बायकोला बासरी आणि शिट्टी सारखीच, तिला ते विचारत होते, “टोचतंय का? आता? आता कमी झालं?” काकू घाबरून, जपून सांगत होत्या आणि ते त्यांच्या शब्दाबरोबर आवाज जुळवत होते. आवाजाची पट्टी डावीकडेच होती.

मग बाईंनी हेडफोन लावले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मध्येच त्या हसल्या.

“चमचा वाजतोय,” त्या म्हणाल्या. “आई चहा ढवळत गोष्ट सांगायची.”

कानसेनांनी त्या कॅसेटवर दिवसभर काम केलं होतं. त्यांना त्यात चमचा कधीच भेटला नव्हता. पूर्वीचे असते तर मान डोलावून मोकळे झाले असते. ते म्हणाले, “मला तो ऐकू येत नाही. कसा वाजतो, सांगाल?”

बाईंनी टेबलावरचा चहाचा रिकामा कप आणि चमचा ओढला आणि त्यांना कप हातांत धरायला लावून चमचा त्यात फिरवला. “असा. आणि मध्येच काठाला लागतो. असा.” कानसेनांनी दोन्ही हातांनी कप धरून ठेवला होता. बाई थांबल्या तरी त्यांनी तो सोडला नाही.

मित्रांनो, गाणं मंद वाटलं, कुणी घरात आवाज वाढवत चाललं, तर आम्हा यंत्रांना जरूर तपासा. आमच्यातही खोट असते आणि न विचारता साखर घालणाऱ्या सिस्टीम असतात. पण सगळे चौकोन रिकामे निघाले तर तिथं थांबू नका. त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि त्याला सांगा. जुनी सिस्टीम परत बसवता येते, कान परत बसवता येत नाहीत. प्रेम आहे म्हणून गप्प बसू नका.

मी आता फार दिवस चालेन असं नाही. पण काल कानसेनांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून काकूंना विचारलं, “हा थरथरतोय. शीळ घालतोय का गं?”

“घालतोय.”

“मग त्याचा पंखा बदलायला हवा,” ते म्हणाले. “दुकानात तू चल माझ्याबरोबर. ऐकायला.”